हिंदू कॉलनीत राहूनही आपलाच परिसर नीट बघितला नाहीये, पाहुण्यांना काय दाखवू?

चौथी_गल्ली:
नमस्कार मंडळी. लग्न होऊन दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत आले त्याला बरीच वर्षं झाली, पण मला घर ते स्टेशन, घर ते मुलीची शाळा आणि टीटीचा भाजीवाला एवढाच रस्ता पाठ आहे. आता जानेवारीत नागपूरहून आत्या आणि काका येतायत, दोघंही रिटायर्ड, दोघांनाही चालायची हौस, आणि आत्याने फोनवरच सांगून टाकलंय की गेटवे-बिटवे सगळं बघून झालंय, तू राहतेस तो भाग दाखव. मी म्हटलं दाखवते की, आणि मग बसून विचार करायला लागले तर दाखवायचं काय हेच सुचेना. गूगल केलं तर नुसती इडली डोसा इडली डोसा.

मला एक गोष्ट कायम जाणवते. टिळक ब्रिज उतरून पश्चिमेला गेलं की पाय ठेवायला जागा नाही आणि इकडे आमच्या गल्ल्या सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, दुपारी तर कुणी चिटपाखरू नसतं. सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले इंग्रजांनी आखलंय, आणि पेपर वाचायला लागले. तर कुणी जरा नीट सांगेल का की हा भाग असा का आहे, सकाळी दोन-तीन तासांत काय बघता येईल, आणि आत्याचे गुडघे जरा बोलतात त्यामुळे मध्ये बसायला कुठे मिळेल? पाहुण्यांचं निमित्त आहे, मलाही बघायचंच आहे.

ट्रामवाले_आजोबा:
सूनबाई, सासऱ्यांनी सांगितलं ते बरोबर आहे पण अर्धंच सांगितलं. इंग्रजांनी हौसेने नाही आखलं, प्लेगने आखायला लावलं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला, माणसं पटापट मेली, निम्मं शहर गावाला पळालं, आणि मग सरकारला कळलं की चाळीच्या आतल्या खोल्यांमध्ये ना उजेड जातो ना वारा. म्हणून १८९८ ला कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यांनी खाली शहरात चाळी पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असले रुंद रस्ते काढले आणि वर उत्तरेला, जिथे तेव्हा शेतं, वाड्या आणि दलदल होती, तिथे दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा अशा मोठ्या स्कीम आखल्या. तुमची गल्ली त्यातलीच. आधी रस्ते, गटारं, बागा, आणि मग प्लॉट. मुंबईत हे उलटंच घडतं एरवी, आधी माणसं राहायला येतात आणि रस्ता मागाहून.

आता तुम्हाला दाखवायची पहिली गोष्ट सांगतो आणि त्यासाठी घराबाहेर पडायलाच नको. गच्चीत किंवा बाल्कनीत उभ्या राहा आणि शेजारच्या जुन्या बिल्डिंगकडे बघा. ट्रस्टचे एक चेअरमन होते जे. पी. ऑर, त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. म्हणजे खोलीच्या खिडकीच्या पायथ्यापासून आकाशाकडे ६३.५ अंशांत तिरकी रेघ मारायची, समोरची इमारत त्या रेघेच्या वर जाता कामा नये. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर त्या कोनाचा टॅन जवळपास २ येतो, म्हणजे सोपा हिशोब असा की समोरची इमारत ४० फूट उंच असेल तर मध्ये निदान २० फूट मोकळी जागा पाहिजे. हिंदू कॉलनीतल्या जुन्या दोन-तीन मजली इमारतींच्या मधली ती गल्लीवजा जागा, जिथे आता सगळ्यांच्या स्कूटर आणि तुळशीच्या कुंड्या असतात, ती कुणी उदार होऊन सोडलेली नाही. ती प्लेगच्या भीतीने सुटलेली आहे. काकांना इंजिनिअरिंगची आवड असेल तर मोबाईलवर कोन मोजायचं ॲप असतंच, मोजायला सांगा, रमतील.

आणि टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हे तरी माहीत असेलच. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून इथे दादरलाच आली. मी तेव्हा लहान होतो, वडिलांनी खांद्यावर घेतलेलं आठवतं, गर्दी एवढी की ट्राम दिसलीच नाही.

रुईया_नाका:
आजोबा भारी!! ६३.५ वालं पहिल्यांदाच ऐकलं

चौथी गल्ली ताई, रूट मी सांगतो, आम्ही कॉलेजला असताना लेक्चर बंक करून हेच करायचो. घरातून निघायचं, आंबेडकर रोड क्रॉस करायचा (सिग्नललाच करा प्लीज, तिथे बेस्ट बस कुणाचं ऐकत नाही), पलीकडे पारशी कॉलनी, तिच्यातून चालत फाइव्ह गार्डन्स, मग व्हीजेटीआय इंजिनिअरिंग कॉलेजच्या पुढून डॉन बॉस्को शाळा, तिथून किंग्ज सर्कल, मग माटुंग्याच्या बाजारातून रुईया-पोदार कॉलेजांवरून परत तुमची हिंदू कॉलनी. पूर्ण गोल होतो. सगळं सपाट आहे, एकही चढ नाही, गुडघ्यांना काही होत नाही. सकाळी ७ ला निघालात तर फाइव्ह गार्डन्सला लाफ्टर क्लबवाले, कुत्री फिरवणारे आणि व्हीजेटीआयची झोपाळू पोरं असं सगळं एकत्र बघायला मिळेल.

खाण्याचं एवढंच सांगतो की कॅफे मद्रासला जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, रांग बघूनच आत्याचे गुडघे दुखतील, आणि सोमवारी ते बंद असतं. माटुंगा स्टेशनजवळ राम आश्रयला शिऱ्याचा फ्लेवर रोज बदलतो, आज अननस तर उद्या आणि काही. आणि दुपारचं जेवण रामा नायकच्या उडिपीला, स्टेशनला लागूनच, १९४२ पासून आहे, केळीच्या पानावर थाळी घ्या, वाढपी थांबतच नाहीत, पान मिटेपर्यंत वाढतात. नागपूरकरांना तिखट कमी वाटेल हे आधीच सांगून ठेवा 😄

महोगनी:
मी पारशी कॉलनीच्या शेजारी भाड्याने राहते आणि रोज सकाळी तिथूनच चालते, त्यामुळे त्या तुकड्याबद्दल जरा जास्त लिहिते.

ही कॉलनी ज्यांच्यामुळे झाली ते मंचरजी एदलजी जोशी, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टमध्येच इंजिनिअर होते. हो, जोशी आणि पारशी, आत्या नक्की विचारणार. त्यांनी ट्रस्टकडून मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून घेतले. फोर्टात, गिरगावात दाटीवाटीने राहणारी कारकून, मास्तर, नर्स अशी माणसं इथे आली. म्हणजे आज बघून वाटतं तशी ही श्रीमंतांची वस्ती म्हणून सुरूच झाली नव्हती. आणि मुंबईतल्या बाकीच्या पारशी बागांना भिंत असते, फाटक असतं, वॉचमन असतो. इथे काहीच नाही. रस्ते सगळ्यांसाठी उघडे आहेत. फाइव्ह गार्डन्सचं पाटीवरचं नावही मंचरजी जोशी पंच उद्यान, पण रिक्षा-टॅक्सीवाल्याला ते सांगितलंत तर तो तुमच्याकडे नुसता बघत बसेल. (रिक्षा इथे येतच नाहीत म्हणा, सायनच्या पुढे.)

झाडांकडे बघत चाला. प्रत्येक रस्त्याला वेगळ्या जातीची झाडं लावायची असं तेव्हाच ठरलं होतं, त्यामुळे एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर वळलं की सावलीचा रंगच बदलतो. माझी लाडकी महोगनी. जानेवारीत येताय ते बरंच आहे, तेव्हा वरच्या फांद्यांवर मुठीएवढी तपकिरी लाकडी फळं उभी दिसतात. ती खालच्या बाजूने तडकतात, त्याच्या पाच जाड फाका सुटतात आणि आतून चपट्या, एका बाजूला पंख असलेल्या बिया गरगर फिरत खाली येतात. वारा असला तर चक्क केसात येऊन अडकतात. रस्त्यावर पडलेली फाक उचलून बघा, आतून गुळगुळीत आणि बाहेरून खरखरीत, माझ्या भाच्याने त्याच्या होड्या केल्या होत्या. सकाळी लवकर गेलात तरच मिळतात, साडेसातला झाडूवाल्या मावशी सगळं गोळा करून ढीग करतात.

इमारती फार उंच नाहीत, तीन मजल्यांच्या आसपास, गोलाकार बाल्कन्या, जिन्यांना रंगीत काचा, काही दारांवर चुन्याची रांगोळी काढलेली असते, तो खास छिद्रांचा डबा असतो त्यांचा, ठसा मारल्यासारखी उमटते. फक्त एक विनंती, बाल्कनीत बसलेल्या आजी-आजोबांचे फोटो काढू नका. हल्ली शनिवार-रविवारी कॅमेरे घेऊन घोळके येतात आणि लोकांच्या तळमजल्यांच्या खिडक्यांपुढे पोझ देतात, वैताग आहे. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो, बाहेरूनच बघायची.

बसायला: फाइव्ह गार्डन्सच्या बागांमध्ये बाक आहेत. पाचही बागा छोट्या आहेत, जिथे सावली दिसेल तिथे बसा.

पागडीवाला:
सगळं छान छान चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो.

प्लेगनंतर खाली शहरात ज्यांच्या चाळी पाडल्या त्यांना हे प्लॉट मिळाले का? नाही. ती माणसं उरलेल्या चाळींत आणखी दाटीने कोंबली गेली. इथे आला तो पगारदार मध्यमवर्ग, आपल्या लोकांपैकी वकील, डॉक्टर, सरकारी नोकर, तिकडे पारशी, माटुंग्यात तमिळ आणि गुजराती. उजेड-वारा मिळाला तो ज्यांना परवडला त्यांना. सुंदर आहे परिसर, माझा जन्म इथलाच आहे, नाही कोण म्हणतो, पण "प्लेगमुळे गरिबांचं भलं झालं" असा सूर नको.

दुसरं म्हणजे आत्ता काय चाललंय ते पण दाखवा पाहुण्यांना. हिंदू कॉलनीत फिरा, दर दुसऱ्या गल्लीत हिरवी जाळी आणि पत्रे. दुमजली इमारत पाडायची आणि तिथे पोडियम पार्किंगवर पंधरा-वीस मजले चढवायचे. आजोबा, तुमच्या साडेत्रेसष्ट अंशांचं काय झालं मग? आमच्याकडे समोर टॉवर झाल्यापासून स्वयंपाकघरात दुपारी बारालाही लाईट लावावी लागते. आणि मी रिडेव्हलपमेंटच्या विरोधात आहे असंही नाही बरं का, आमची बिल्डिंग गळते, आईला तिसरा मजला चढवत नाही, लिफ्ट बसवायला जागा नाही, आम्ही स्वतः बिल्डरशी बोलतोय. पण झाडं, रस्ते, गटारं तेवढीच ठेवून माणसं आणि गाड्या पाचपट केल्या तर हा परिसर किती दिवस असा राहील ते सांगा.

आणि तिसरं. एवढे रिप्लाय आले, हिंदू कॉलनीबद्दल विचारलंय, आणि राजगृहाचं नाव कुणीच घेतलं नाही?

ट्रामवाले_आजोबा:
पागडीवाले, राजगृह माझ्या पुढच्या रिप्लायमध्ये होतं हो, आमची टायपिंगची स्पीड तेवढी. पण बोललात ते रास्त आहे.

सूनबाई, राजगृह तुमच्यापासून पाच मिनिटांवर. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात बांधून घेतलेलं घर, आणि बांधलं ते मुख्यतः पुस्तकं ठेवण्यासाठी. हजारो पुस्तकं होती, परळच्या खोलीत मावेनात. तळमजल्यावर त्यांच्या वस्तू बघायला ठेवल्या आहेत, चष्मा, काठ्या, फोटो. वर कुटुंबीय राहतात त्यामुळे शांतपणे बघून निघायचं. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत निधन झालं, पार्थिव विमानाने मुंबईला आणून इथेच ठेवलं होतं आणि ७ तारखेला अंत्ययात्रा इथूनच निघाली ती दादर चौपाटीपर्यंत, म्हणजे आत्ताची चैत्यभूमी. लाखो माणसं. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी कितीतरी माणसं टिळक ब्रिज ओलांडून इथेही येतात, तेव्हा गल्लीत पाण्याचे पिंप आणि पुस्तकांचे स्टॉल लागतात. दीक्षाभूमीच्या गावातून येणाऱ्या पाहुण्यांना तर मी सगळ्यात आधी तिथेच नेईन, इडली नंतर.

अंशांचं काय झालं विचारलंत. ट्रस्ट १९३३ मध्येच महापालिकेत विलीन झाला. पुढे नियम बदलले, एफएसआय आला, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण, मग जादा एफएसआय आला. आमच्याही बिल्डिंगची मीटिंग आहे येत्या रविवारी, मी काय मत देणार ते इथे लिहीत नाही, सेक्रेटरी हा फोरम वाचतो.

तेलंग_रोड:
मी माटुंग्याची. माझा सल्ला फुकट आणि सोपा आहे: रस्त्यांच्या पाट्या वाचत चाला.

तुमच्या हिंदू कॉलनीत सर भालचंद्र रोड आहे ना, ते भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, नावाजलेले डॉक्टर. आमच्याकडे भाऊ दाजी रोड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड. मग तेलंग रोड, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, हायकोर्टाचे न्यायाधीश, गीतेचं इंग्रजी भाषांतर केलेले. भांडारकर रोड म्हणजे रा. गो. भांडारकर. चंदावरकर रोड म्हणजे नारायण चंदावरकर, तेही न्यायाधीश आणि प्रार्थना समाजाचे पुढारी. पारशी कॉलनीत गेलात की फिरदौसी रोड आणि जाम-ए-जमशेद रोड, एक इराणचा कवी आणि दुसरं त्यांचं जुनं वर्तमानपत्र. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची अख्खी विद्वानसभा अर्ध्या तासात चालून होते. आणि गंमत म्हणजे मराठी आणि पारशी विद्वानांच्या रस्त्यांवर राहायला आली तमिळ आणि गुजराती माणसं. आमच्या खालचा म्हातारा किराणावाला भांडारकर रोडला बंडारकर रोड म्हणतो आणि तिथे कुणी हसत नाही.

आत्यांना देवळाची आवड असेल तर आस्तिक समाजाचं देऊळ आणि तेलंग रोडवरचा शंकर मठ बघा. सकाळी आठच्या आसपास गेलात तर बाहेर गल्लीत फुलवाल्या बायका असतात, मोगरा आणि कनकांबरं केळीच्या सोपाने गुंफत बसलेल्या, गजरा हाताच्या मापाने मोजून देतात, कोपरापासून बोटापर्यंत एक माप. त्याच्या पुढे कॉफी पावडरची दुकानं. बिया समोर दळून मिळतात, चिकोरी किती टक्के घालू म्हणून विचारतात, माहीत नसेल तर वीस सांगा, पहिल्यांदा पिणाऱ्याला बरी लागते. फिल्टर पण तिथेच घ्या, स्टीलचा छोटा, नागपूरला न्यायला हलका.

आणि रुईया नाका, तू किंग्ज सर्कल म्हणालास आणि पुलाखालची बाग विसरलास! ताई, आंबेडकर रोडच्या फ्लायओव्हरखाली आधी गाड्या, गर्दुल्ले आणि कचरा असायचा. इथल्या रहिवाशांनी पे-अँड-पार्क होऊ दिलं नाही, पहारा दिला, पालिकेच्या मागे लागले, आणि २०१६ ला तिथे लांबलचक बाग झाली, नानालाल डी. मेहता उद्यान. आतली पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी काढली आहे. डोक्यावरून ट्रक जातायत आणि खाली माणसं वॉक करतायत. काहींना कुरूप वाटतं, मला नाही वाटत. आणि बाक भरपूर, ऊन अजिबात नाही, म्हणजे गुडघ्यांची दुसरी विश्रांती तिथे.

रुईया_नाका:
विसरलो नव्हतो, तिथेच तर बसायचो 😅 आणि माटुंगा स्टेशन पण दाखवा, २०१७ पासून स्टेशन मास्तरपासून तिकीट खिडकीपर्यंत सगळा स्टाफ बायकांचा आहे

जुन्या सिनेमाचा नाद असेल काकांना तर मसानी रोड. पृथ्वीराज कपूर, सैगल वगैरे मंडळी त्या भागात राहायची. आता काही पाटी-बिटी दिसत नाही, पण गल्ली आहे. आणि क्रिकेटवाले असतील तर फरुख इंजिनिअर, दादर पारशी कॉलनीतलाच पोरगा, डॉन बॉस्कोला शिकला, शशी कपूर त्याच्याच वर्गात.

चौथी_गल्ली:
बापरे, एवढं!! सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळी मुलीला घेऊन पारशी कॉलनीपर्यंत जाऊन आले, महोगनीची फळं अजून बंद आहेत, हिरवट तपकिरी, तिने मोजायला सुरुवात केली आणि मानच दुखायला लागली तिची. आणि आजोबा, गच्चीतून कोन मोजला. डावीकडची जुनी बिल्डिंग बसते बरोबर तुमच्या हिशोबात. उजवीकडे टॉवर आहे, तिकडे मोबाईल धरला तर आकाशासाठी जवळजवळ सरळ वरच बघावं लागलं. सासरे पेपर टाकून उठून आले बघायला, म्हणाले मला कुणी सांगितलं नव्हतं हे.

आता प्लॅन असा की पहिल्या दिवशी सकाळी राजगृह, मग पारशी कॉलनी आणि फाइव्ह गार्डन्स, तिथून टॅक्सीने घरी. दुसऱ्या दिवशी माटुंगा, पाट्या, फुलं, कॉफी, पुलाखालची बाग आणि रामा नायक. एका दिवसात गोल पूर्ण करायचा अट्टाहास नको असं वाटतं. पागडीवाले, तुमचं म्हणणं पण सांगणार आहे, आत्याला असलं आवडतं, ती स्वतः नागपूरला झाडं तोडण्याविरुद्ध सह्या गोळा करत फिरते.

एकच राहिलं, काकांना डायबेटिस आहे, सकाळी सातला निघालो तर आठपर्यंत काहीतरी खायला लागतं. फाइव्ह गार्डन्सच्या जवळपास तेवढ्या सकाळी काय मिळेल?

महोगनी:
बागांच्या बाहेर सकाळी सायकलवर इडली-वडेवाला अण्णा असतो, भोंगा वाजवत फिरतो, पण त्याच्या वेळेचा भरवसा नाही. डायबेटिस आहे म्हणताय तर घरून दोन पोळ्यांचा रोल किंवा मूठभर शेंगदाणे पर्समध्ये ठेवाच. किंवा उलटं करा, आधी नाश्ता करून मग निघा, जानेवारीत नऊपर्यंत ऊन लागत नाही तिथे.

पागडीवाला:
+१, घरूनच खाऊन निघा. आणि राजगृह आतून बघायचं असेल तर सातला जाऊ नका, बंद असेल, वेळ आधी चौकशी करून घ्या. त्या दिवशी क्रम बदला, फाइव्ह गार्डन्स आधी आणि राजगृह परतताना, तसंही घराजवळच आहे.